डायलवरचं नाव आणि प्लेटवरच्या खुणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईच्या वडिलांचं नाशिकच्या मेन रोडलगत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. घरात लंबकाची नऊ घड्याळं, हत्यारांची एक पेटी, सुट्या भागांचे डबे आणि एक वही उरली आहे. तीन घड्याळांच्या डायलवर आजोबांच्या दुकानाचं नाव आहे. एका जुन्या वाचनालयाच्या संग्रहालयाने हे सगळं मागितलं आहे. ती 'आजोबांनी बनवलेली' म्हणून द्यायची का, किती जुनी आहेत हे कसं ओळखायचं, आणि देण्याआधी साफ करून, पॉलिश मारून, चालू करून द्यावीत का, असं विचारलं आहे.

मी गेली अडतीस वर्षं नाशिकमध्ये घड्याळं दुरुस्त करतो. त्याआधी वडील करायचे, भांडी बाजाराजवळच्या एका गल्लीत. अलीकडे दोन-तीन लहान संग्रहालयांना घड्याळांच्या याद्या करायला मदत केली, तेव्हा नुसतं दुकानात बसून जे कधी लक्षात आलं नव्हतं ते कळत गेलं. सगळ्यात आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंत नऊपैकी एकाही घड्याळाला चावी देऊ नका, आणि कुणालाही 'जरा पुसून ठेव' म्हणू नका.

प्रश्न तीन दिसले तरी मुळाशी एकच आहे. या घड्याळांमध्ये तुमच्या आजोबांचं नेमकं काय आहे? ते कळलं की संग्रहालयाच्या पाटीवर काय लिहायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आपसूक ठरतं.

डायलवरच्या नावापासून सुरू करू. ते नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं. मोठा व्यापारी एकगठ्ठा माल मागवायचा तेव्हा कारखाना त्याचं नाव डायलवर घालून द्यायचा. लहान दुकानदार कोऱ्या किंवा जुन्या डायलवर रंगाऱ्याकडून नाव लिहून घ्यायचा. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या घड्याळांवर मुंबई-कलकत्त्याचं नाव असायचं, पण ती बनायची स्वित्झर्लंडमध्ये. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दर तासाला दाढीवाला छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, ते बघायला लोक आधीपासून जागा धरून बसतात. ते घड्याळ कूक अँड केल्व्ही या कलकत्त्याच्या पेढीच्या नावाने ओळखलं जातं. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, त्यातलं घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकलीचं. त्यांचीही मुंबईत शाखा होती. घड्याळाच्या धंद्यात नाव, गाव आणि कारखाना या तिन्ही गोष्टी अशा वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

म्हणून तुमच्या तीन घड्याळांवर आजोबांच्या दुकानाचं नाव आहे, याचा अर्थ ती त्यांच्या दुकानातून विकली गेली, किंवा डायल त्यांनी नव्याने बसवला. दोन्ही गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत. पण 'बनवलं' असं लिहिलंत आणि उद्या कुणी मशीन उघडून पाठीवरची जर्मन छाप पाहिली, तर तो माणूस तुमच्या उरलेल्या खऱ्या माहितीवरही विश्वास ठेवणार नाही. माझं म्हणणं एवढ्यासाठीच आहे. आजोबांचा मान कमी करायचा म्हणून नाही.

नाव मूळचं की नंतरचं, हे घरबसल्या बघता येतं. चांगलं भिंग घ्या. एनॅमलच्या पांढऱ्या डायलला चावीच्या भोकापासून केसासारख्या चिरा गेलेल्या असतात. एखादी चीर अक्षराला कापून आरपार गेली असेल आणि अक्षराचा रंग चिरेच्या दोन्ही काठांवर स्वच्छ तुटलेला असेल, तर नाव चिरेआधीचं. रंग चिरेत उतरून तिथे जाड झाला असेल, तर नाव नंतर घातलेलं. कागदी डायलवर ही युक्ती चालत नाही. तिथे अक्षराखालच्या कागदाचा रंग बघा. आधीचं नाव खरवडून नवं लिहिलं असेल, तर तेवढा पट्टा आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो.

आता वय. मशीनची चाकं दोन पितळी पत्र्यांच्या मधे बसवलेली असतात, त्या पत्र्यांना प्लेट म्हणतात. कारखान्याची छाप बहुधा मागच्या प्लेटवर असते, म्हणजे मशीन पेटीतून काढल्याशिवाय दिसत नाही. काही अमेरिकन घड्याळांत ती पुढच्या प्लेटवर, डायलच्या आड असते. नाशिकच्या वाड्यांतून माझ्याकडे जी घड्याळं येतात, त्यांत ठरावीक चार-पाच छाप पुन्हा पुन्हा दिसतात. आठ टोकांची चांदणी आणि तिच्यात 'जे' असेल तर युंगहान्स. एकमेकांना छेदणारे दोन बाण असतील तर हॅम्बुर्ग अमेरिकन. हे दोन्ही कारखाने जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्राम्बर्ग या एकाच गावचे, आणि १९३० च्या सुमारास एकत्र झालेले. गुस्टाव्ह बेकरचा कारखाना सायलेशियातल्या फ्रायबुर्गचा, ते गाव आज पोलंडमध्ये आहे. अमेरिकेची अँसोनिया आणि सेथ थॉमस. आणि जपानची सेकोशा, जी हत्तोरी किंतारो यांनी १८९२ मध्ये तोक्योत सुरू केली.

यातल्या काहींची तारीख सहज काढता येते. अँसोनिया १९२९ मध्ये बंद झाली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली, तेव्हा ती छाप असलेलं मशीन त्याआधीचंच. बऱ्याच युंगहान्स मशीनवर 'ए' किंवा 'बी' आणि शेजारी दोन आकडे ठोकलेले असतात. आकडे वर्षाचे, अक्षर पहिल्या किंवा दुसऱ्या सहामाहीचं. बेकरच्या मशीनवर अनुक्रमांक असतो आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. 'मेड इन जर्मनी' असं असेल तर घड्याळ बहुधा १८८७ नंतरचं, कारण त्या वर्षी ब्रिटनने परदेशी मालावर मूळ देशाचं नाव मागणारा कायदा केला आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. 'ऑक्युपाइड जपान' लिहिलेलं असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची काही वर्षं.

हे वय मात्र मशीनचं आहे. पेटीचं वेगळं असू शकतं, डायलचं आणखी वेगळं. आपल्याकडे पेटीला वाळवी लागली म्हणून मशीन दुसऱ्या पेटीत गेलं, किंवा मशीन मोडलं म्हणून चांगल्या पेटीत दुसरं बसवलं, असं सर्रास व्हायचं. पेटीच्या आतल्या फळीवर जुन्या स्क्रूची रिकामी भोकं दिसली, किंवा चावीची भोकं डायलच्या भोकांशी जुळत नसली, तर तसंच झालं आहे असं समजा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, फक्त नोंद करा. अशी जोडणी करणारा कारागीर कदाचित तुमचे आजोबाच असतील.

आणि आता आजोबांकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथे.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक टोल्याचं घड्याळ आलं. जर्मन मशीन, आठ दिवसांची चावी, जुन्या तांबट आळीतल्या एका घरातलं. मागची प्लेट दिव्याखाली तिरकी धरली. चालीच्या बाजूच्या, म्हणजे टोल्याच्या नव्हे तर काटे फिरवणाऱ्या चाकांच्या, वरच्या एका घराभोवती पंचाच्या ठिपक्यांचं कडं होतं, सात ठिपके. घर म्हणजे प्लेटमधलं चाकाच्या आसाचं भोक, आणि पंच म्हणजे ठोकायचं टोकदार हत्यार. चाकाचा पिव्हट, म्हणजे आसाचं बारीक टोक, वर्षानुवर्षं एकाच बाजूला दाब देत फिरतो, त्याने घर लांबट होतं, चाक कलतं आणि दाताला दात नीट लागत नाही. घर आवळायचा झटपट उपाय म्हणजे भोकाभोवती पंच मारून पितळ आत ढकलणं. घाईचं काम, गिऱ्हाईक समोर उभं असताना केलेलं. त्याच प्लेटवर खालच्या दोन घरांना मात्र बुश मारलेले होते. भोक मोठं करून, पितळेची नळी खरादून, ठोकून बसवलेली आणि वरून कानशीने इतकी सपाट केलेली, की बोटाला काही लागत नव्हतं. हा दुसरा हात. एका चाकाचे दोन दात नवे होते. चाकाच्या कडेला खालून रुंद, वरून अरुंद अशी खाच कापून, तिच्यात पितळेचा तुकडा बसवून, झाळून, मग दात घडवलेले. भिंगाखाली झाळाची रुपेरी रेघ दिसत होती. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, सुईने खरवडलेलं: 'शके १८५८ आषाढ', शेजारी एक 'ज'. म्हणजे १९३६ चा पावसाळा.

तो 'ज' कोण, हे मला ठाऊक नाही. पण त्या माणसाने नाशिकमध्ये, हातकानशीने, परदेशी चाकाला दोन दात घडवले आणि ते चाक अजून चालतंय. आपल्या गावचे घड्याळाचे कारागीर शोधायचे तर ते इथे सापडतात. डायलवर त्यांना जागा नव्हती.

त्याच घड्याळाचा लंबकही सांगण्यासारखा होता. मूळ पितळी चकती कधीतरी हरवलेली, आणि तिच्या जागी तांब्याची चकती, पाठीवर मठारकामाचे ठोके स्पष्ट दिसणारे. कुण्या तांबटाने हंड्या-कळशांच्या मधे वेळ काढून ठोकून दिलेली. वजनाने ती मूळ चकतीपेक्षा जडच असावी. पण घड्याळाची चाल लंबकाच्या लांबीवर ठरते, वजनाचा फारसा संबंध नसतो, म्हणून ते बिनतक्रार चाललं. पितळी चकती बसवून द्या, असं मालकांनी सांगितलं होतं. मी त्यांना तांब्याचीच ठेवायला लावली.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण नाशिकच्या संग्रहालयासाठी ते कामाचं आहे. लंबक येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे वेळ मोजायचं साधन तांबटाच्याच हातचं होतं. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की भरत भरत २४ मिनिटांत बुडते. ती एक घटका, आणि अशा ६० घटकांचा दिवस. लग्नाच्या मांडवात मुहूर्तासाठी ती लावत. छिद्र कणभर मोठं झालं तरी घटका चुकते, तेव्हा ती वाटी घडवणारा तांबट हाही घड्याळाचाच कारागीर. संग्रहालयाकडे असं पात्र आधीपासून असेल, तर तुमच्या आजोबांचं टेबल त्याच्या शेजारी मांडावं असं त्यांना जरूर सुचवा.

प्लेटवरच्या खुणांबद्दल मी एवढं आग्रहाने बोलतो, त्याला कारण आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला घड्याळ दिलं, 'नव्यासारखं करून द्या' म्हणून. मी प्लेटा घासून आरशासारख्या केल्या. मंडळी खूश झाली. काही महिन्यांनी त्यांनी घड्याळ देण्याआधी काढलेला एक फोटो दाखवला. मोठा करून पाहिला तर मागच्या प्लेटवर खरवडलेल्या चार ओळी होत्या, तारखा आणि आद्याक्षरं. त्या मी माझ्या हाताने पुसल्या होत्या. फोटोत त्या वाचता येण्याइतक्या स्पष्ट नव्हत्या. तेव्हापासून माझ्याकडे आलेलं कुठलंही जुनं मशीन उघडलं की आधी तिरक्या उजेडात फोटो, मग कामाला हात.

म्हणून साफसफाईबद्दल माझं उत्तर ठाम आहे: देण्याआधी काहीही करू नका. वरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा, बस.

पितळ चकचकीत करायच्या बऱ्याच द्रवांत अमोनिया असतो. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेली असत. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये. मुताचा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना धातूत राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. घड्याळाची चाकंही ठोकून-दाबून कडक केलेल्या पितळेची असतात. शिवाय पॉलिशची पांढरी पूड पिव्हटच्या घरात जाऊन बसते आणि घड्याळ चालू झालं की कानशीसारखी झिजवत राहते. हे मी स्वतः कितीतरी मशीनमध्ये पाहिलं आहे.

पेटीचंही तसंच. जुन्या पेट्यांना लाख आणि स्पिरिटचं पॉलिश असायचं. सुताराकडे दिली की तो प्रेमाने घासून मेलामाइन मारून देतो, पेटी प्लास्टिकसारखी चमकते आणि जुना पोत कायमचा जातो. कागदी डायल ओल्या फडक्याने पुसू नका, आकडे फडक्यावर येतात. आणि सुट्या भागांच्या डब्यांत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचे जुने गजराचे डायल किंवा काटे असतील, तर त्यांना खरवडू नका, फुंकर मारू नका. त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं, ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. असे भाग पिशवीत बंद करा, वर लिहा आणि संग्रहालयाला स्पष्ट सांगा.

तेल घालायचा मोह होईल, तोही आवरा. माझ्याकडे दर हिवाळ्यात 'थंडीत बंद पडतं' म्हणून घड्याळं येतात. उघडलं की घरांभोवती हिरवट मेण. कुणीतरी खोबरेल तेल घातलेलं असतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या आसपास असतो. उन्हाळ्यात तेच तेल पातळ होऊन प्लेटभर पसरतं आणि तांब्याशी धरून हिरवं होतं.

चालू करून द्यावीत का, याचं उत्तर मात्र परिस्थितीवर आहे. संग्रहालयात दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी चावी देणारा एक माणूस आहे का? तो सुट्टीवर गेला तर दुसरा आहे का? चार-पाच वर्षांनी मशीन उघडून तेलपाणी करायला पैसे आहेत का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर एक घड्याळ चालू ठेवावं. सगळी नाही. साधारण २५ सेंटिमीटरच्या लंबकाचा अर्ध्या सेकंदाला एक ठोका धरला, तर दिवसाला १,७२,८०० ठोके होतात आणि वर्षाला सहा कोटी तीस लाखांच्या वर. वाळलेल्या तेलावर इतके ठोके म्हणजे आजोबांनी मारलेले बुश आपण चार-पाच वर्षांत खाऊन टाकणार. चालू ठेवायला सगळ्यात साधं, ज्याचे भाग सहज मिळतील असं घड्याळ निवडा. आजोबांच्या हातचं सर्वाधिक काम असलेलं घड्याळ बंदच राहू दे. त्याचा चालण्याचा आणि टोल्यांचा आवाज जाणकाराच्या देखरेखीखाली एकदा नीट ध्वनिमुद्रित करून ठेवा. टोल्यांचा आवाज ही त्या पेटीची, त्या तारेची ओळख असते आणि दुसऱ्या घड्याळात ती मिळत नाही.

जे चालू ठेवाल ते भिंतीवर लावताना पट्टीपेक्षा कानावर विसंबा. टिक, टिक असं सारख्या अंतराने ऐकू आलं पाहिजे. 'टिकटिक... टिकटिक' अशी लंगडी चाल असेल तर पेटी कणभर डावी-उजवी सरकवून ती समान करा, नाहीतर घड्याळ तासाभरात थांबेल. उन्हाळ्यात मागे पडलं तर घाबरू नका. लोखंडी दांडीचा लंबक उष्णतेने लांबतो, आणि वीस अंशांच्या फरकाने घड्याळ दिवसाला दहाएक सेकंद मागे जातं. लाकडी दांडीचं यापेक्षा बरंच कमी. जुन्या घड्याळात लंबकाखालच्या नटाचे आटे झिजलेले दिसतात, ते घरच्या माणसांनी दर मोसमाला तो नट फिरवल्यामुळे. तोही नट बदलू नका.

ठेवायच्या जागेबद्दल एकच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. वाचनालय नदीकडच्या भागात असेल तर घड्याळं तळमजल्यावर ठेवू देऊ नका. पुरात गोदाकाठच्या सरकारवाड्याच्या पायरीला पाणी लागलं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, की आपल्याला पुढचं कळतं. २००८ मध्ये आमच्या गल्लीतही पाणी शिरलं. लंबकाच्या घड्याळांच्या पेट्यांतून मी त्यानंतर कित्येक दिवस गोदावरीचा गाळ काढत होतो. एका पेटीच्या आत तळाकडे त्याहून जुनी, फिकट तपकिरी रेघ होती. मालकीणबाई म्हणाल्या, ती १९६९ च्या पुराची. तुमच्या पेट्यांच्या आत अशी रेघ सापडली तर ती पुसू नका आणि कोणत्या घरातलं घड्याळ ते आठवत असेल तर लिहा.

आता हत्यारांची पेटी. माझ्या मते तुमच्याकडच्या सगळ्या वस्तूंत ती सर्वांत मोलाची आहे. जर्मन घड्याळं बऱ्याच संग्रहालयांत आहेत. एका नाशिककर कारागिराचं अख्खं टेबल क्वचितच कुठे असेल. कानशींच्या मुठी स्वतः खरादलेल्या असतील, पंच घरी बनवलेले असतील, एखादी चावी दोन चाव्या जोडून केलेली असेल. डबे उपसून 'सारखे-सारखे' एकत्र करू नका. कोणता भाग कोणत्या डब्यात, ही त्यांची मांडणी होती. प्रत्येक डबा उघडून, वरून फोटो काढून, नंबर घालून जसाच्या तसा द्या.

पाटीवर काय लिहायचं याचा एक नमुना देतो, म्हणजे कल्पना येईल: 'टोल्याचं भिंतीवरचं घड्याळ. मशीन युंगहान्स, जर्मनी. पेटी नंतरची, सागवानी. विक्री व देखभाल: अमुक दुकान, मेन रोड, नाशिक. एका चाकाचे दोन दात व मागच्या प्लेटवरचे तीन बुश याच दुकानात घडवलेले.' शेवटचं वाक्य वहीतून किंवा खुणांवरून सिद्ध होत असेल तरच घालायचं. झालं तर यात 'बनवलं' या शब्दाची उणीव भासणार नाही.

आता एक नाजूक बाब, जी तुम्ही विचारली नाहीत. घड्याळजीच्या घरात मागे उरलेली घड्याळं सगळी त्याचीच असतात असं नाही. दुरुस्तीला दिलेली आणि कुणी न्यायला न आलेली घड्याळं प्रत्येक दुकानात असतात. माझ्याकडेही आज सहा आहेत. गिऱ्हाईक गाव सोडतं, माणूस जातो, पावती हरवते. पेटीच्या आत, लंबकाच्या दांडीला किंवा मागच्या कड्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आहे का ते बघा. चिठ्ठीवर नंबर असेल, आणि तो नंबर त्या वहीत सापडेल. नंबरापुढे नाव, गल्ली, काय बिघाड होता आणि किती पैसे ठरले हे असेल. दानपत्रावर तुम्ही 'ही आमच्या मालकीची' म्हणून सही करणार आहात. एखादं घड्याळ दुसऱ्याचं निघालं तर तसं संग्रहालयाला आधी सांगा, शक्य असेल तर त्या घरी चौकशी करा. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो आणि परवानगीशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाला एखादं 'आठवण' म्हणून पाठवायचा विचार असेल तर आधी नीट विचारून घ्या.

वही वाचताना एक लक्षात ठेवा. जुन्या नोंदींत 'मुंबई टाइम' किंवा 'जुना टाइम' असे शब्द दिसले तर गोंधळू नका. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकून होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायची. माझे वडील सांगायचे, काही म्हातारी गिऱ्हाइकं घड्याळ घेताना आधी विचारायची, कोणत्या टाइमावर लावलंय? तेव्हा '३९ मिनिटं कमी' अशी नोंद म्हणजे बिघाडच असेल असं नाही. घड्याळ ठरवून तसं लावलेलं असू शकतं.

तर आत्ता करायचं एवढंच. प्रत्येक घड्याळाचा लंबक अलगद वर उचलून काढा आणि त्याच घड्याळाचा नंबर घालून वेगळा गुंडाळा. लंबक लावून घड्याळ हलवलं तर तो जिच्यावर लोंबतो ती वरची पातळ पट्टी हमखास मोडते. स्प्रिंगला हात लावू नका. चावी भरलेली स्प्रिंग न उतरवता मशीन उघडलं तर बोटं फुटतात, हे काम कारागिराकडूनच करून घ्या. मशीन काढताना तुम्ही शेजारी उभे राहा आणि मागच्या प्लेटचे फोटो स्वतः काढा, उजेड एका बाजूने, अगदी तिरका पडेल असा. आणि त्याआधी एका संध्याकाळी आईला घेऊन बसा आणि वही पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवा. अक्षर तिच्या ओळखीचं आहे. खरवडलेल्या खुणांमधलं आजोबांचं अक्षर कोणतं, हे मला भिंगातूनही सांगता येणार नाही. ती नुसत्या फोटोवरून सांगेल.